कल्याण-घाटकोपरला गाडी बदलताना तिकिटाचं कार्ड: कुठलं घ्यावं?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. लेक अंधेरीला नोकरीला लागली आहे. तिथेच राहते, पण शुक्रवारी नाशिकला येते आणि सोमवारी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने परत जाते. रिझर्व्हेशन कल्याणपर्यंतच काढतो. कल्याणला उतरून फास्ट लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो, हा रस्ता तिला सोयीचा पडतो.

अडचण गाडी बदलण्याची आहे. सोमवारी सकाळी कल्याणला लोकलचं तिकीट काढायचं म्हणजे पूल चढायचा, समोरून लोंढा येत असतो त्यातून वाट काढायची, खिडकीला रांग लावायची आणि परत खाली उतरायचं. तोवर डोळ्यांदेखत दोन फास्ट निघून जातात. घाटकोपरला मेट्रोसाठी पुन्हा तेच.

तिच्या ऑफिसातली मंडळी सांगतात, कार्ड घे. पण कुणी रेल्वेचं म्हणतं, कुणी मेट्रोचं, कुणी बँकेचं. एकच कार्ड सगळीकडे चालतं का? नेहमी जाणाऱ्यांनी सांगावं.

शिरीष_सातपूर
काका, कार्ड कशाला? फोनवर रेल्वेचं तिकिटाचं यूटीएस ॲप होतं, आता रेलवन आलंय. गाडीत बसल्या बसल्या तिकीट काढायचं. विषय संपला.

कसारा_लोकल
@शिरीष, विषय तिथेच सुरू होतो. स्टेशनच्या आवारात किंवा रुळांच्या अगदी जवळ असताना फोनवरून बिनकागदाचं तिकीट निघत नाही. टीसी दिसला की पटकन तिकीट काढण्याचे प्रकार होऊ नयेत म्हणून ती बंदी घातली आहे, आणि ती योग्यच आहे. पण काकांच्या लेकीसारखं जे एक्स्प्रेसमधून उतरून स्टेशनाबाहेर न जाता लोकल पकडतात, त्यांची तिथे पंचाईत होते. ती कल्याणला फलाटावरच असते, आणि ॲप म्हणतं लांब जा.

बरं, घरून निघतानाच काढून ठेवावं म्हटलं, तर लांबून तिकीट काढण्यावरची अंतराची अट २०२४ मध्ये काढून टाकली, तेवढं खरं. पण लोकलच्या तिकिटावर प्रवास तासाभरात सुरू करावा लागतो. पंचवटीला नाशिकरोडहून कल्याणला जायलाच सव्वादोन-अडीच तास लागतात. देवळाली गेलं, घाट उतरला, कसारा गेलं, आणि तिकीट गाडीतच शिळं झालं.

म्हणून गाडी बदलणाऱ्यासाठी रेल्वेचं स्मार्टकार्ड आजही सगळ्यात खात्रीचं. एटीव्हीएम, म्हणजे त्या कार्डाने स्वतः तिकीट काढायची यंत्रं, बहुतेक मोठ्या स्टेशनांत पुलावर किंवा जिन्याजवळ असतात, म्हणजे वाटेतच. खिडकीपर्यंत जायची गरज नाही.

शिरीष_सातपूर
तासाभराची अट लक्षात आली नव्हती. पटलं.

ओझरची_स्मिता
काकांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: नाही, एक कार्ड सगळीकडे चालत नाही. रेल्वेचं एटीव्हीएम कार्ड हे फक्त यंत्रातून तिकीट विकत घ्यायचं कार्ड आहे. छापील तिकीट निघतं, ते जपून ठेवायचं. मेट्रोचं कार्ड म्हणजे स्वतःच तिकीट. आत जाताना फाटकावर टेकवा, बाहेर पडताना टेकवा, भाडं आपोआप कापलं जातं. दोन्हींना कार्ड म्हणतात म्हणून गोंधळ होतो, काम मात्र निराळं.

मुंबईच्या लोकलला फाटकंच नाहीत. त्यामुळे बँकेचं एनसीएमसी, म्हणजे सगळ्या वाहतुकीला एकच चालावं म्हणून काढलेलं टेकवायचं कार्ड, कितीही गाजलं तरी लोकलसाठी ते टेकवणार कुठे?

द्वारका_सर्कल
एनसीएमसी मार्च २०१९ मध्ये आलं तेव्हा ‘एक देश एक कार्ड’ असा गाजावाजा होता. आज माझ्या पाकिटात रेल्वेचं, मेट्रोचं, बेस्टचं अशी वेगवेगळी कार्डं आहेत. देश एक, कार्डं भाराभर.

जुना_पासधारक
अनेक वर्षं पंचवटीने नोकरी केली, म्हणून दोन शब्द लिहितो. ही गाडी १ नोव्हेंबर १९७५ ला सुरू झाली. नाशिककराने मुंबईत नोकरी करून रात्री घरी जेवायला येणं त्या गाडीने शक्य केलं. तेव्हा कल्याणला उतरणाऱ्याची हीच गत होती. मग कूपनं आली. पुस्तिका घ्यायची, हवी तेवढी कूपनं यंत्रात सरकवायची, खट्ट आवाज व्हायचा आणि वेळ-तारीख उमटायची. पावसाळ्यात शाई फिकी पडली की टीसीला कूपन उजेडात धरून दाखवावं लागे. खिडकीची रांग चुकवणारी ती पहिली सोय. स्मार्टकार्डाने कूपनांची जागा घेतली.

मुलीला सांगा, कार्ड जरूर घे, पण यंत्रावर घाई करू नकोस. कार्ड यंत्राच्या खाचेत ठेवायचं, पडद्यावर स्टेशन निवडायचं, माणसं किती, एकेरी की परतीचं ते दाबायचं, आणि तिकीट पूर्ण छापून हातात येईपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही. मागचा माणूस ‘चला, चला’ करतो म्हणून लोक मध्येच कार्ड उचलतात आणि व्यवहार लटकतो. पावसात बोट रुमालाला पुसून मग पडद्याला लावावं, ओल्या बोटाने भलतंच स्टेशन निवडलं जातं.

यंत्राशेजारी बऱ्याचदा मदतनीस उभे असतात, त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेलेही असतात. आपण पैसे दिले की त्यांच्या कार्डावर तिकीट काढून देतात. कार्ड विसरलं तर त्यांच्याकडे जावं.

देवळालीची_माई
आमचं जाणं परळला, ह्यांच्या तपासण्यांसाठी. आम्ही दादरला उतरतो. मला विचाराल तर त्या पोरीला कल्याणला उतरवूच नका. दादरपर्यंत बसू द्या निवांत, मग पश्चिम रेल्वेने अंधेरी. एकच गाडी बदलायची. दादरला पूर्वी फार गोंधळ व्हायचा, मध्य रेल्वेचाही एक नंबर आणि पश्चिमेचाही एक नंबर. ९ डिसेंबर २०२३ पासून सलग आकडे केले. पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. आता म्हाताऱ्या माणसालाही समजतं.

अंजनेरी
माईंना अनुमोदन. आणखी एक, लोकलचं तिकीट मध्य आणि पश्चिम मिळून एकच निघतं. कल्याणहून लोकलनेच जायचं झालं तर कल्याण ते अंधेरी असं थेट तिकीट घ्या, यंत्र ‘मार्गे’ विचारतं, तिथे दादर निवडा. दादरला पुन्हा तिकीट काढायची गरज नाही. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण दादरला परत रांगेत उभे राहतात.

कसारा_लोकल
अंजनेरीने सांगितलेली गोष्ट फार मोलाची. ‘मार्गे’ नीट वाचा. त्या मार्गाबाहेरच्या गाडीत सापडलात तर तिकीट असूनही दंड बसू शकतो, आणि विनातिकिटाचा दंड किमान २५० रुपये अधिक भाडं. दुसरं म्हणजे लोकलचं तिकीट मेल-एक्स्प्रेसमध्ये चालत नाही. कल्याणला फलाटावर लांब पल्ल्याची गाडी उभी दिसली आणि रिकामी वाटली म्हणून लोकलच्या तिकिटावर चढायचं नाही. नाशिकची मंडळी ही चूक हमखास करतात, कारण आपल्याला एक्स्प्रेसची सवय.

निफाडचा_गडी
एवढं सगळं करण्यापेक्षा समृद्धीने जावं. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला. घाट कधी उतरला कळत नाही.

गोदाकाठ
@निफाडचा_गडी, आमण्यापर्यंत पोचाल हो झटक्यात. पुढे भिवंडी आणि ठाणे सोमवारी सकाळी कोण पार करणार? पोरगी एकटी गाडी चालवत जाणार नाही, आणि मी पाठवणारही नाही.

निफाडचा_गडी
हे मात्र खरं. कांद्याची गाडी रात्री घेऊन जातो म्हणून मला मोकळा रस्ता दिसतो.

ओझरची_स्मिता
एसटीचाही पर्याय आहे. मी बऱ्याचदा नाशिकहून कसाऱ्यापर्यंत एसटीने जाते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. कसाऱ्याला लोकल सुटतेच तिथून, त्यामुळे बसायला जागा मिळते, आणि स्टेशनबाहेरून चालत येत असल्याने फोनवरचं तिकीटही आरामात निघतं. कसारा ते थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत एकच तिकीट. वेळ जास्त जातो, पण पंचवटीचं रिझर्व्हेशन मिळालं नाही तर हा रस्ता चांगला. वेटिंग लिस्टच्या तणावापेक्षा खिडकीशेजारची जागा बरी.

गंगापूररोडवासी
मेट्रोबद्दल कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. घाटकोपर-वर्सोवा ही मेट्रो वन, जून २०१४ पासून चालू, १२ स्टेशनं. तिचं स्वतःचं कार्ड आहे. अंधेरी पश्चिमेची २ए आणि गुंदवलीहून जाणारी ७ या वेगळ्या संस्थेच्या, भुयारी मेट्रो तीन आणखी वेगळ्या संस्थेची. बाहेरून सगळ्या मेट्रोच दिसतात, पण तिकिटाचा कारभार निरनिराळा. म्हणून कार्ड घेण्याआधी खिडकीवर स्पष्ट विचारायचं, ‘मला अमुक स्टेशन ते अमुक स्टेशन जायचंय, हे कार्ड दोन्ही फाटकांवर चालेल का?’ जाहिरातीवर विसंबू नका.

घाटकोपरला कार्डाचा खरा फायदा संध्याकाळी कळतो. फोनवरचा क्यूआर दाखवणारा माणूस फाटकाजवळ आल्यावर पडद्याचा उजेड वाढवतो, स्क्रीनशॉट शोधतो, मागे माणसं साठतात. कार्डवाला टेकवून निघून जातो. भुयारी स्टेशनात तर फोनला नेटवर्क मिळेलच असं नाही. कार्डाला नेटवर्क लागत नाही.

सिन्नर_फाटा
कार्डाबद्दल माझी एक तक्रार आहे. एका बँकेचं एनसीएमसी घेतलं. घरून ऑनलाइन पैसे भरले, खात्यात जमा दिसले, आणि फाटकावर ‘शिल्लक अपुरी’. मागे रांग, पुढे फाटक बंद. कस्टमर केअरवाल्याने फक्त ‘वाट पाहा’ एवढंच सांगितलं.

गंगापूररोडवासी
@सिन्नर_फाटा, त्या कार्डात दोन खिसे असतात. एक बँकेकडचा, एक कार्डाच्या चिपमधला. फाटक फक्त चिपमधली शिल्लक वाचतं. ऑनलाइन भरलेले पैसे स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड ठेवून चिपमध्ये उतरवून घ्यावे लागतात. चिपमधल्या पैशांना पिन लागत नाही, म्हणून तिथे २,००० रुपयांच्या वर रक्कम ठेवता येत नाही. कार्ड हरवलं तर चिपमधले पैसे रोख हरवल्यासारखेच, तेव्हा आठवड्यापुरतेच उतरवा. बँकेने हे कार्ड देतानाच सांगायला हवं होतं. तुमचा राग रास्त आहे.

सिन्नर_फाटा
धन्यवाद! इतके महिने कुणी हे सांगितलं नव्हतं.

त्र्यंबकवाला
आणि पाकीटच्या पाकीट फाटकावर टेकवू नका. आत दोन-तीन टेकवायची कार्डं असली की फाटक गोंधळतं, कधी दार उघडत नाही, कधी नको त्या कार्डातून पैसे जातात. माझ्या भाचीने मोबाइलच्या कव्हरमागे एकच मेट्रोचं कार्ड ठेवलंय, रेल्वेचं पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. ज्या कार्डाने आत गेलात त्याच कार्डाने बाहेर पडायचं, हेही पोरांना बजावून सांगावं लागतं.

द्वारका_सर्कल
८ ऑक्टोबर २०२५ ला ‘मुंबई वन’ नावाचं ॲप आलं ना? अकरा वाहतूक संस्थांची तिकिटं त्यात, लोकल, मेट्रो, बेस्ट सगळं. मग कार्डांची भाराभर गरज उरते का?

कसारा_लोकल
चांगली सोय आहे, मुंबईत राहणाऱ्याने वापरावीच. पण फलाटावर उभं राहून फोनवर विसंबायचं असेल तर बॅटरी, नेटवर्क आणि स्टेशनाच्या आवारात तिकीट न निघण्याची अट या तिन्हींचं गणित जुळावं लागतं. पहाटे उठून, गाडीत अडीच तास फोन बघत आलेल्या माणसाची बॅटरी कल्याणला किती उरलेली असते? मी म्हणतो, ॲप ठेवा, शिवाय कार्डही ठेवा.

जुना_पासधारक
यानिमित्ताने आपल्या नाशिकरोडबद्दल बोललंच पाहिजे. आपणही गाडी बदलण्याचं स्टेशन आहोत. गाडीतून उतरून माणूस सिटीलिंकची बस, एसटी नाहीतर रिक्षा धरतो, आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने पैसे काढतो. सिटीलिंक जुलै २०२१ पासून धावते आहे. मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटींची घोषणा झाली. ती बस-मेट्रो अजून रस्त्यावर आलेली नाही. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. परगावचा भाविक नाशिकरोडला उतरेल, हातात पिशवी, सोबत म्हातारी आई. त्याला रेल्वेतून उतरल्या उतरल्या रामकुंडाकडे जाणाऱ्या बसचं तिकीट फलाटाच्या दारातच मिळालं, तर निम्मी गर्दी जागच्या जागी मोकळी होईल. मुंबईने चुका करत करत जे शिकलं ते आपण आधीच का शिकू नये?

देवळालीची_माई
अगदी मनातलं बोललात. त्र्यंबकला जाणाऱ्यांची स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांशी घासाघीस बघवत नाही.

त्र्यंबकवाला
फलाटाच्या दारात बसचं तिकीट ही कल्पना महापालिकेला लेखी कळवायला हवी. मजकूर कुणी लिहिला तर सही करायला मी पहिला.

अंजनेरी
मूळ प्रश्नाकडे येऊ या. काका, मुलीचं ऑफिस अंधेरीत नेमकं कुठे? अंधेरी म्हणजे पूर्व, पश्चिम, एमआयडीसी, सीप्झ, सगळंच अंधेरी.

गोदाकाठ
चकाला. मेट्रोच्या स्टेशनापासून चालत पाच मिनिटं.

अंजनेरी
मग माझा दादरचा सल्ला मागे ठेवा. चकाला मेट्रो वनवरच आहे, घाटकोपर आणि अंधेरीच्या मधे. दादरहून अंधेरी स्टेशनला जाऊन मेट्रोने उलटं मागे यायचं म्हणजे वेळेचा चुराडा. ऑफिस सीप्झ किंवा अंधेरी एमआयडीसीत असतं तर दादरला उतरून भुयारी मेट्रो तीन धरा म्हटलं असतं. चकाल्यासाठी कल्याण-घाटकोपर हाच रस्ता बरोबर.

देवळालीची_माई
असं असेल तर माझंही म्हणणं मागे. पण दिवाळीच्या गर्दीत कल्याणची लोकल मिळेना झाली तर दादर लक्षात राहू द्या.

कसारा_लोकल
तर काका, हे दोन खर्च करा. रेल्वेचं एटीव्हीएम कार्ड, त्यावर कल्याण-घाटकोपर. दहा-पंधरा रुपयांचं तिकीट असतं, म्हणून थोडक्या रकमेचा रिचार्ज पुरतो. आणि मेट्रो वनचं स्वतःचं कार्ड, घाटकोपर-चकाला. एनसीएमसी नंतर, इतर मेट्रोने फिरायला लागली की.

रिचार्ज मात्र सोमवारी सकाळी करायचा नाही. शुक्रवारी परत येताना कल्याणला गाडीची वाट बघताना वेळ असतो, तेव्हा उरकून टाकावा. आणि कल्याणला पुलावरचं एखादं यंत्र बंद असेल असं धरूनच चालावं. दुसरं यंत्र कुठल्या जिन्याजवळ आहे हे शुक्रवारीच बघून ठेवलं की सोमवारी धावपळ होत नाही.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला धागा पाठवला. ती म्हणते, दोन्ही कार्डं घेते, पण परतीचं काय? शुक्रवारी चकाल्याहून निघताना सोमवारचंच परतीचं तिकीट वापरता येईल का?

अंजनेरी
नाही, लोकलचं परतीचं तिकीट तीन-चार दिवस पुरत नाही. दोन्ही वेळा एकेरीच काढायचं. शुक्रवारी ती रेल्वे स्टेशनाच्या बाहेरून येते, तेव्हा लोकलचं तिकीट ऑफिसातून निघतानाच फोनवर काढू द्या. तासाभराच्या आत ती घाटकोपरला पोचतेच. म्हणजे नाशिकला येताना फोन, मुंबईला जाताना कार्ड.

शिरीष_सातपूर
म्हणजे अर्धं माझंही बरोबर होतं.

कसारा_लोकल
हो शिरीष, शुक्रवारपुरतं. आणि काका, कल्याणला ती शुक्रवारी लोकलमधून उतरून आपली गाडी धरेल तेव्हा हातात नाशिकरोडचं वेगळं तिकीट असू द्या. रिझर्व्हेशन वेटिंगला अडकलं असेल तर जनरलचं तिकीटही वेळेत काढायला सांगा. पंचवटी सुपरफास्ट आहे, तेव्हा खिडकीवर सुपरफास्टचं तिकीट मागायचं.